सात पालथ्या बाटल्या

आमच्या कॉलेजच्या डोंगर चढणाऱ्या गटात एक अलिखित नियम आहे. नवीन माणसाला पातळ सामान देतात. तेल, घासलेट, ताक, जे काही सांडू शकतं ते सगळं. जुने लोक तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे आधीच आपापल्या नावावर लिहून घेतात, कारण बटाटा सॅकमध्ये कसाही पडला तरी बटाटाच राहतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या वर्षाला असताना यादीत माझ्या नावापुढे 'तेल, घासलेट' असं लिहिलेलं पाहिलं आणि मला वाटलं, आपल्यावर विश्वास टाकला आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा चौथी शिकलेले, आई दुसरी. दादरच्या त्या कॉलेजात सुरुवातीला मी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघायचे आणि मग तोंडातून काढायचे, तोवर बोलण्याचा विषय बदललेला असायचा. गटात माझं नाव गिरगावच्या एका वर्गमैत्रिणीने घातलं. ती म्हणाली, "डोंगरावर कुणी फार बोलत नाही, दम लागतो. तुला आवडेल." एवढ्या कारणावर मी गेले.

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बाटली गळू नये म्हणून सगळ्यांची एकच युक्ती आहे. गावाहून तेल किंवा आगळ आणायचं असलं की बाटलीच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवायचा, वर झाकण घट्ट फिरवायचं आणि गळ्याला सुतळी बांधायची. आगळ म्हणजे कोकमांचा मीठ घालून काढलेला घट्ट रस. त्याच्याशिवाय आमच्याकडे कुणी गावाहून परत येत नाही. मीही तसंच केलं. टॉनिकच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्या, एकीत गोडं तेल, दुसरीत घासलेट, दोन्हींच्या तोंडाला प्लास्टिक. मामाच्या खाकी पिशवीत त्या उभ्या ठेवल्या आणि वर सगळ्यांचे पोहे ठेवले, कारण पोहे नेणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली होती.

डोंगरावर पिशवी उभी राहत नाही. ती पाठीवर हलते, खडकावर आडवी टाकली जाते, तिला टेकून कुणी झोपतं. सकाळी पिशवी उघडली तेव्हा आधी वास बाहेर आला. चौदा जणांचे पोहे घासलेटात भिजले होते. गिरगावच्या मैत्रिणीचा स्वेटरही भिजला होता. तिच्या पिशवीत जागा नव्हती म्हणून तिने तो माझ्याकडे ठेवायला दिला होता.

आमचा लीडर तिसऱ्या वर्षाला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मूठभर पोहे घेऊन हुंगले आणि म्हणाला, "चला, आज पोहे पेटवून चहा करू." सगळे हसले. उतरताना मात्र तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पुढच्या वेळी तू बटाटे घे हं."

ते वाक्य मला महिनाभर पुरलं.

जानेवारीत तीन दिवसांचा ट्रेक ठरला. मुक्कामाच्या गुहेत बाराच जण मावतात, म्हणून बाराच नावं घ्यायची होती आणि प्रत्येकाकडे काहीतरी सामान असायला हवं होतं. मी पोचले तेव्हा यादीवर अकरा नावं झाली होती आणि बटाटे कुणीतरी घेतले होते. मी मनात वाक्य जुळवलं आणि यावेळी विषय बदलायच्या आत बोलले.

"पातळ सामान मी आणते."

मागे बसलेल्या एकाने नाक वर करून हवा हुंगली. लीडर हसला नाही.

"बघ हं," तो म्हणाला. "तीन दिवस आहेत. वर ना गाव, ना दुकान. लाकडं मिळाली तर जेवण चुलीवर होईल, पण सकाळचा चहा आणि खाणं स्टोव्हवरच. घासलेट गेलं तर बारा जण कोरडे राहणार."

"मला कळतंय."

"मग असं करू. शुक्रवारच्या मीटिंगला भरलेल्या बाटल्या घेऊन ये. मी उलट्यासुलट्या करून बघणार. गळल्या तर तुझी जागा दुसऱ्याला. चालेल?"

मी चालेल म्हटलं. तो शनिवार होता.

बाबा तेव्हा घरी असायचे. गिरण्यांच्या संपाला तीन वर्षं होत आली होती. गिरणीने काही लोकांना परत घेतलं होतं, बाबांना घेतलं नव्हतं. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नसे. आई शिवणयंत्रावर ब्लाउज शिवायची आणि बाबा गॅलरीत कठड्याला पाठ लावून पेपर वाचायचे. वाचून झाला की तोच पेपर मागच्या पानापासून पुन्हा वाचायचे.

गिरणीत ते साचेखात्यात तेल घालायचे. साचे म्हणजे माग. लांब नळीचा तेलाचा डबा हातात घेऊन मागांच्या रांगांमधून दिवसभर फिरायचं आणि प्रत्येक सांध्यात दोन थेंब सोडायचे, हे त्यांचं काम. एक थेंब कापडावर पडला की अख्खा तागा डागी, आणि वर विणकराच्या शिव्या. वीस वर्षं बाबांनी तेल न सांडता वाहून नेलं होतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण माझ्या घासलेटाशी त्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आईलाच विचारत होते, "प्लास्टिक दुहेरी घडी करून लावलं तर?"

गॅलरीतून आवाज आला, "मागच्या टायमाक तोंडाक काय लावलेलंस?"

"प्लास्टिक."

बाबा हसले. ते हसले की आधी खांदे हलतात. ते हललेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

"म्हणान गळला," ते म्हणाले.

"पण आई आगळाला तेच लावते की."

"तुझी आई आगळाची बाटली एसटीत मांडयेर घेवन बसता, तान्ह्या पोरासारखी. ती गळतली कशी?"

हे खरंच होतं. मुंबई येईपर्यंत आई बाटली कुणाच्या हातातसुद्धा देत नाही. आमच्या अख्ख्या चाळीच्या युक्तीमागे प्लास्टिक नव्हतंच, मांड्या होत्या.

बाबा उठून आत आले. त्यांनी टॉनिकच्या बाटलीवर प्लास्टिक ठेवून झाकण आवळलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "हयसर बघ. प्लास्टिकाची घडी पडता. घडी म्हणजे वाट. जितक्या आवळशीत तितकी वाट पक्की. घासलेटाक तेवढी बस झाली." मग झाकण काढून बाटलीच्या काठावर अंगठा फिरवला. "बाटली कधी गळना नाय गो. तोंड गळता."

"ह्या माणसांक पण लागू आसा," आई यंत्राचं चाक न थांबवता म्हणाली.

रविवारी बाबांनी घरातल्या सगळ्या बाटल्या, डबे आणि बरण्या गॅलरीत मांडायला लावल्या. बादलीत पाणी घेऊन त्यात कपड्यांची नीळ घातली. प्रत्येक भांडं त्या निळ्या पाण्याने भरायचं, झाकण लावायचं आणि पांढऱ्या मांजरपाटावर उलटं ठेवायचं. "पाणी फसवता," बाबा म्हणाले, "सुकला की गळला नाय वाटता. नीळ खोटा बोलना नाय."

तुपाचा पत्र्याचा डबा उलटा ठेवल्यावर चांगला राहिला. मग बाबा त्याच्यावर बसले. झाकण फटकन उडालं आणि बाबांच्या पायजम्याला मागून निळा गोल पडला. "पिशवीत ह्याच्यार कोणतरी बसतलाच," ते गंभीरपणे म्हणाले आणि तो डबा बाद केला. सरबताच्या बाटलीचं बूच पक्कं होतं, पण उन्हात ठेवल्यावर तासाभराने ते आपोआप वर आलं. माझ्या शाळेच्या प्लास्टिकच्या बाटलीतून नळीच्या भोकातून थेंब आला. टॉनिकच्या बाटलीची गंमत झाली. प्लास्टिक लावलेली आधी गळली, न लावलेली नंतर. मी ते वहीत लिहून घेतलं. का ते नक्की सांगता येणार नाही, पण प्रयोगशाळेत लिहिते तसं, रकाने पाडून लिहिलं. बाबा माझ्या खांद्यावरून वहीत बघत होते आणि काही चुकलं असं वाटलं तर पुन्हा प्रयोग करायला लावत होते.

उलटं ठेवून गळलं नाही म्हणजे झालं नाही, असं त्यांचं पुढचं म्हणणं होतं. चालताना काय होतं ते बघायला हवं. त्यांनी भरलेल्या बाटल्या मामाच्या खाकी पिशवीत घातल्या, पिशवी पाठीवर घेतली आणि चाळीचा जिना चढायला लागले. तिसऱ्या मजल्यापर्यंत वर, तळमजल्यापर्यंत खाली, पुन्हा वर. आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या आमच्याच गावच्या बाजूच्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काय वो भावजी, वर देव इलो काय? चारदा दर्शन घेवन इलात."

"चार नाय, सहा," बाबा म्हणाले आणि पुढे गेले.

त्या आठवड्यात मी बाबांकडून जे शिकले ते कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. बाटली कधी काठोकाठ भरायची नाही, दोन बोटं रिकामी ठेवायची, कारण उन्हात तेलाला अंग पसरायला जागा लागते. एकाच मोठ्या बाटलीत सगळं घालायचं नाही, एक तोंड गळलं की सगळंच जातं. आणि प्रत्येक पातळ वस्तूचा स्वभाव वेगळा असतो. पाणी गळलं तर उघड गळतं. तेल चोरपावलांनी झाकणाच्या आट्यांवरून चढत बाहेर येतं, म्हणून आट्यांवर मेण चोळलेलं सूत दोनदा गुंडाळायचं. घासलेट रबराला फुगवतं, म्हणून घासलेटाच्या झाकणात सायकलच्या ट्यूबची चकती चालत नाही. आगळ पत्र्याचं झाकण खातं, त्यात मीठही असतं आणि आंबटपणाही, म्हणून त्याला प्लास्टिकचं झाकण आणि आत रबर.

घासलेटासाठी बाबांनी कोपऱ्यावरच्या स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याकडून चामड्याचा तुकडा आणला. स्टोव्हच्या पंपात असतं ते चामडं. त्याच्या चकत्या कापून त्यांनी दिवसभर तेलात बुडवून ठेवल्या. आता फक्त बाटली मिळायची होती. जाड काचेची, अरुंद तोंडाची, खोल आट्यांची, आणि पिशवीत लोळू नये म्हणून चपटी.

हे सगळं वाचून मुंबईच्या कुणाही माणसाला कळेल की अशी बाटली जगात एकच असते. आम्हाला मात्र ते मंगळवारपर्यंत सुचलं नाही, कारण आमच्या घरात दारू कधी आलीच नाही. बाबा माळकरी आहेत. मंगळवारी दुपारी ते स्वतःशीच "चपटी" असं म्हणाले, पायात चपला घातल्या आणि गेले.

भंगारवाल्याचं दुकान गिरणीच्या गेटासमोर होतं. त्या रस्त्याने बाबा तीन वर्षांत गेले नव्हते. तिकडे जायची वेळ आली तर मागच्या गल्लीतून जायचे. त्या दिवशी सरळ रस्त्याने गेले, असं मला नंतर कळलं. भंगाराच्या ढिगासमोर उकिडवे बसून त्यांनी दारूच्या रिकाम्या बाटल्या एकेक करून तपासल्या. झाकण फिरवून बघायचे, उजेडात धरायचे, तोंडावर बोट फिरवायचे, हुंगायचे. अशा सात निवडून पिशवीत घालून घेऊन आले. हे सगळं ज्याला दिसायचं त्याला दिसलं.

बुधवारी सकाळी आई नळावरून आली ती रिकामी कळशी घेऊन. तिने कळशी खाली ठेवली आणि पिशवी उघडली. चपट्यांकडे बराच वेळ बघितलं.

"नळार विचारतत," ती बाबांना म्हणाली. "घोवान सुरू केल्यान काय म्हणान. पिशवी भरून नेता म्हणे. हुंगून हुंगून."

बाबांनी पिशवीतून एक चपटी काढून तिचं झाकण फिरवून बघितलं.

"तुमका दुसरी बाटली गावली नाय?"

"हीच बरी आसा."

"बरी आसा." आईचा आवाज वर गेला नाही, तो खाली गेला, आणि तो खाली गेला की मला जास्त भीती वाटते. "लोकांच्या घरात संपात काय काय झाला ता आपण बघितला. माझ्या घरात ता झाला नाय, ह्या एका गोष्टीर मी नळार मान वर करून उभी रवतंय. आणि आता माझा चेडू चपटी घेवन कॉलेजात जातला? ती बाटली हिच्या पिशवीत गेली तर ही डोंगरार जावची नाय. सांगून ठेवतंय."

आईचं बरोबर होतं आणि बाबांचंही बरोबर होतं, आणि शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. टॉनिकच्या बाटल्या पुन्हा घेऊन जावं आणि लीडरला सांगावं की जमलं नाही, असंही मनात येऊन गेलं. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही काकूंना नुसतं सांगा ना, कशासाठी आणल्यात ते. त्या नळावर सांगतील."

"सांगान कोणाचा तोंड बंद झाला हा?" बाबा म्हणाले.

दुपारभर ते गरम पाण्यात चपट्या बुडवून त्यांच्यावरचे कागद नखाने काढत बसले. चामड्याच्या चकत्या बसवल्या. घरात गिरणीतलं एक जुनं बॉबिन आहे. पुडी बांधायची, हार ओवायचा तर त्याचंच सूत घेतो. ते सूत मेणातून काढून त्यांनी सातही बाटल्यांच्या आट्यांवर गुंडाळलं.

गुरुवारी सकाळी मी उठून बाहेर आले तर गॅलरीच्या गजांना सात चपट्या पालथ्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीच्या बुडाला सुतळी, आत निळंशार पाणी, आणि खाली जमिनीवर पांढराशुभ्र मांजरपाट पसरलेला. सकाळचं ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं. खालच्या चौकातून, समोरच्या गॅलरीतून, जिन्यावरून, कुठूनही बघितलं तरी त्या सात बाटल्या दिसत होत्या. बाबा त्यांच्या बाजूला स्टुलावर बसले होते, पेपर न घेता.

जाणारा येणारा थांबायला लागला.

"ह्या काय वो?"

"परीक्षा चालू आसा," बाबा म्हणायचे. याच्यापुढे एक शब्द नाही.

"कोणाची?"

"बाटल्यांची."

मग लोकच बोलायचे. तळमजल्यावरच्या एकांनी विचारलं की एवढी निळी कुठल्या बारमध्ये मिळते. कुणी म्हणालं की आतली आपल्याला द्या, बाटली तुम्हाला ठेवा. बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. काकू सकाळपासून चार वेळा या ना त्या निमित्ताने दारात आल्या. चौथ्या वेळी त्या वाकून मांजरपाटाला हात लावून बघायला लागल्या.

"सकाळपासून कोरडाच आसा?"

"बघा तुमीच."

काकूंनी एका चपटीला टिचकी मारली. ती झोका घेऊन शांत झाली. थेंब पडला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांना सगळं सांगितलं, पोह्यांपासून. त्या ऐकताना आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. गप्प का झाल्या ते मी आज ओळखू शकते. नळावरची बातमी बहुधा त्यांच्याकडूनच निघाली होती.

चार वाजता त्या स्वतःच्या घरातून आगळाची बाटली घेऊन आल्या. लेकीला पाठवायची होती, सुरतेला.

"भावजी, हिच्या तोंडाक पण तसला काय लावून दिवशात?"

बाबांनी बाटली हातात घेऊन झाकण उघडलं. पत्र्याचं होतं, आतून काळं पडलेलं. "ह्या झाकण बदलूक व्हया," ते म्हणाले, "रबर मी बसयतंय."

आई दारात उभी राहून हे बघत होती. ती आत गेली. थोड्या वेळाने यंत्र चालू झाल्याचा आवाज आला. अंधार पडायच्या आत तिने उरलेल्या मांजरपाटाच्या सात पिशव्या शिवल्या होत्या, आत जुन्या चादरीचं अस्तर आणि तोंडाला नाडी. आठवी आगळाच्या बाटलीसाठी, ती मी सरबताला म्हणून वर नेणार होते. "काच फुटाची नाय," ती म्हणाली. "आणि वरून दिसाची नाय." बाबांकडे न बघता पुढे म्हणाली, "पांढरा आसा. गळला तर डाग दिसतलो."

बाबांनी मान हलवली. गिरणीत कुणी चांगलं काम केलं की ते अशीच मान हलवत असणार, असं मला तेव्हा वाटलं.

शुक्रवारी मीटिंग जिमखान्याच्या पायऱ्यांवर होती. मी पिशवी उघडून पहिली बाटली बाहेर काढली, नाडी सोडली, आणि अकरा जणांना चपटी दिसली.

"अरे वा, तीर्थ," मागचा हवा हुंगणारा म्हणाला.

"लीडर, पुढच्या वेळी पातळ सामान मला दे रे."

"आधी हिला विचार, घरी काय सांगून आणलंय."

माझे कान गरम झाले. पण नळावर आईला जे ऐकावं लागलं त्यापुढे हे काहीच नव्हतं, आणि ते आठवल्यावर मला बोलता आलं. मी म्हटलं, "माझ्या बाबांनी निवडल्यात. ते गिरणीत तेलाचं काम करायचे." हे मी कॉलेजात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

लीडर हात पुढे करून म्हणाला, "दे, हलवून बघतो."

"हलवून कळत नाही," मी म्हणाले. "वेळ द्यावा लागतो." मी माझं भूगोलाचं जर्नल पायरीवर उघडलं. सोमवारी ते द्यायचं होतं, त्यात महिनाभर काढलेले नकाशे होते. दोन जाड पुस्तकं त्यावर उभी केली आणि त्यांच्या मध्ये निळ्या पाण्याची चपटी पालथी ठेवली, बरोबर सह्याद्रीच्या नकाशावर.

"वेडी आहेस का," गिरगावची मैत्रीण म्हणाली.

मीटिंग दोन तास चालली. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. मी फक्त बाटलीच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी लीडरने स्वतः बाटली उचलली, खालच्या कागदावर बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं. मग यादी काढली आणि माझं नाव लिहिलं.

"बाकीच्या सहा बघायच्या नाहीत?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांनी बघितल्या असतील," तो म्हणाला.

परळच्या एसटी डेपोत सगळे जमलो तेव्हा गिरगावची मैत्रीण तोच स्वेटर घेऊन आली. त्याला अजून किंचित वास येत होता. तिने तो माझ्यासमोर धरला. "घे, ठेव तुझ्यात."

मी हात मागे घेतला.

"अगं घे. त्याला आता आणखी काय होणार आहे?"

पाच चपट्यांत घासलेट होतं आणि त्यांच्या गळ्यात लाल दोरा, म्हणजे चुकून कढईत जायला नको. दोनांत गोडं तेल. पहिल्या दिवशी चढण उभी होती आणि ऊन पाठीवर. मी दर विश्रांतीला पिशवीत हात घालून मांजरपाट चाचपायचे. तो कोरडा लागायचा. दुसऱ्या दिवशी मी तीनदाच चाचपलं. तिसऱ्या दिवशी विसरले, आणि विसरले हे उतरायला लागल्यावर लक्षात आलं. दुपारी चपटीचं झाकण उघडलं की आधी हलकासा सुस्कारा बाहेर यायचा. रिकाम्या ठेवलेल्या दोन बोटांतली हवा होती ती. हवा हुंगणाऱ्याला तो आवाज इतका आवडला की दर वेळी झाकण उघडायला तोच यायचा.

माथ्यावर सगळ्यांच्या घशाला कोरड पडली तेव्हा मी आगळाची बाटली काढली. टाक्याच्या गार पाण्यात चमचा चमचा आगळ आणि गूळ. लीडर देशावरचा, त्याने हा शब्द कधी ऐकला नव्हता.

"काय म्हणालीस? अगळ?"

"आगळ."

"अ-गळ. म्हणजे न गळणारं," तो म्हणाला आणि पेला पुढे केला. "बरोबर माणसाकडे आहे."

शेवटच्या सकाळी, शेवटच्या चहाला, पाचव्या चपटीत अजून चार बोटं घासलेट शिल्लक होतं.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होती. बाबांनी मी कशी आहे हे विचारलं, पण ते पिशवीची नाडी सोडता सोडता. त्यांनी आठही पिशव्या बाटल्यांवरून काढल्या, उलट्या केल्या आणि कठड्यावर ओळीने पसरल्या. प्रत्येक नाकाशी नेऊन हुंगली. घासलेटाच्या पाचही पांढऱ्या, बिनवासाच्या. गोड्या तेलाच्या दोन्ही पांढऱ्या. आगळाच्या पिशवीवर मात्र आतल्या बाजूने पावलीएवढा गुलाबी डाग होता.

मला वाईट वाटलं. बाबांनी तो डाग उजेडात धरला.

"काढल्यावर परत झाकण लावलंस तेव्हा तोंड पुसलंस?"

मी आठवून बघितलं. सगळे पेले पुढे करत होते, हसत होते. "नाही."

"मीठ रवला आट्यांत. मिठाच्या कणान वाट केली." ते आईकडे वळले. "बघ गो, आगळाचाच तोंड गळला."

"कोकमाचो डाग जावचो नाय," आई म्हणाली. तिने पिशवी हातात घेतली, पण भिजत घातली नाही. घडी करून इतरांबरोबर ठेवून दिली.

पुढच्या ट्रेकची यादी फळ्यावर लागली तेव्हा माझ्या नावापुढे लीडरने मला न विचारताच 'पातळ सामान, नेहमीप्रमाणे' असं लिहिलं होतं. मी ते वहीत उतरवून घरी आणलं आणि बाबांना दाखवलं. त्यांनी प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत वाचलं. 'नेहमीप्रमाणे' या शब्दाशी बोट थांबलं. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला, वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मग त्या आगळाच्या तोंडाचा काय ता बघूक व्हया. जा, बाटली घेवन ये."